मेर्त्सनच्या नावानं चांगभलं!

ऑगस्ट संपत आला की इथे अमेरिकेत दुकानांमध्ये दोन गोष्टींचा पूर येतो. एक म्हणजे भोपळा. भोपळ्याची कॉफी, भोपळ्याची बिस्किटं, भोपळ्याची मेणबत्ती. दुसरी म्हणजे ‘ऑक्टोबरफेस्ट’ असं लिहिलेली बिअर. निळ्या-पांढऱ्या चौकटींचं लेबल, त्यावर जाडजूड गॉथिक अक्षरं, आणि बाटलीच्या आत तांबूस रंगाचा गोडमिट्ट द्रव. पहिल्या घोटाला बरं वाटतं. अर्धा ग्लास संपेपर्यंत लहानपणी खोकल्यावर मिळणाऱ्या औषधाची आठवण व्हायला लागते. भोपळ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो बिचारा आपण दुसरं कोणी असल्याचा दावा करत नाही. पण ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आज मला जरा सविस्तर भांडायचंय.

भांडायचा अधिकार काय, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. मी गेली चार वर्षं मिनिआपोलिसमध्ये, भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये बिअर बनवतो. (कायदेशीर आहे, काळजी नसावी. १९७८ साली जिमी कार्टर ह्यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकटा असेल तर १००. म्हणजे मला एकट्याला वर्षाला ३७८ लिटर! सोमवारी सकाळी स्टॅंडअप मीटिंग असणारा माणूस एवढं पिऊ शकत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याची भानगड येते, तेव्हा पुण्यातल्या मित्रांनी हे वाचून लगेच प्रेशर कुकर बाहेर काढू नये.)

तर माझं म्हणणं थोडक्यात असं: शरद ऋतूतल्या ह्या जर्मन बिअरला, म्हणजे मेर्त्सनला, दोन किंवा फार तर तीन माल्ट लागतात आणि एक हॉप लागतो. त्यात कॅरॅमल माल्टला जागा नाही. बाकी जे काही पाककृतींमध्ये लिहिलेलं असतं ते भरताड आहे.

हे वाक्य आमच्या होमब्रू क्लबात उच्चारलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट कोड टाकायचा प्रस्ताव मांडलाय. कारण त्यांच्या वह्यांमध्ये मेर्त्सनसाठी सात-सात, आठ-आठ प्रकारची धान्यं असतात. थोडा पिल्सनर, थोडा व्हिएन्ना, थोडा म्युनिक, मग कॅरॅमल ४०, कॅरॅमल ६०, जरा मेलॅनॉइडिन, जरा बिस्किट माल्ट, रंगासाठी चिमूटभर काळा. का? कॅरॅमल ६० नेमका काय करतो तुझ्या बिअरमध्ये? उत्तर येतं, “कॉम्प्लेक्सिटी येते.” आमच्या ऑफिसातही असे प्रोजेक्ट असतात. आठ लायब्रऱ्या जोडलेल्या, त्यातल्या पाच कशासाठी आहेत ते कोणालाच ठाऊक नाही, पण काढायची हिंमत कोणी करत नाही.

आता माल्ट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण वाद सगळा तिथेच आहे. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व देतात ना? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. माल्ट म्हणजे तेच, फक्त नाचणीच्या जागी जव. मोड येताना दाण्यात एन्झाईम तयार होतात आणि पुढे हेच एन्झाईम गरम पाण्यात पिठाची साखर करतात. मोड आलेला दाणा भट्टीत सुकवायचा असतो, आणि कुठल्या तापमानाला सुकवला ह्यावर माल्टचं नाव ठरतं. साधारण ८०-८५ अंशांवर संपवला तर फिकट पिल्सनर माल्ट. ९० च्या आसपास नेला तर व्हिएन्ना. १०० च्या वर गेला तर म्युनिक. दाणा तोच, मोड तेच, भट्टीतले शेवटचे काही तास वेगळे. आणि त्या शेवटच्या तासांमध्ये जे घडतं, त्याला रसायनशास्त्रात मायार्ड अभिक्रिया म्हणतात आणि आपल्या स्वयंपाकघरात ‘खमंग’ म्हणतात.

खमंग! इंग्रजीत ह्या शब्दाला चांगला पर्याय नाही आणि माझ्या मते अमेरिकन ब्रुअर्सचा अर्धा घोटाळा त्यामुळेच झालाय. ते ‘माल्टी’ म्हणतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात, खमंगपणा आणि गोडवा. बेसनाचा लाडू खाल्लेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. बेसन मंद आचेवर तुपात परतत राहायचं. घरभर वास सुटतो, रंग बदलतो, कडा सुटतात, मग पिठीसाखर. लाडवाची चव भाजण्यात आहे. बेसन कच्चं राहिलं आणि भरपाई म्हणून दुप्पट साखर घातली तर लाडू गोड होईल, खमंग नाही होणार. आजी एक तुकडा तोंडात टाकून “भाजलं नाहीस नीट” म्हणेल आणि विषय संपला.

कॅरॅमल माल्ट म्हणजे ही दुप्पट साखर. तो बनवतात कसा बघा. मोड आलेला दाणा न सुकवता ओलाच ६५-७० अंशांवर ठेवतात. आतल्या पिठाची दाण्याच्या आतच साखर होते, मग तापमान वाढवून ती साखर भाजतात. दाणा फोडला तर आत काचेसारखा कडक पाक दिसतो. ह्यातला बराच भाग यीस्टला खाता येत नाही, म्हणून तो बिअरमध्ये गोडी म्हणून उरतो. इंग्लिश बिटरमध्ये ही चव शोभून दिसते, तिथे तिचं काम आहे. मेर्त्सनमध्ये ती पाहुणी म्हणून येते आणि दिवाणखान्यातला सोफा बळकावते. म्युनिक माल्टचा भाजलेल्या पावाच्या कडेसारखा जो वास असतो, तो ह्या पाकाखाली गाडला जातो.

मग हा पाक आला कुठून? माझ्या मते हे जुनं वर्कअराउंड आहे. घरगुती बिअरचा छंद इथे वाढला तेव्हा बरेच लोक तयार माल्ट अर्कापासून बिअर करत. म्युनिकसारखा माल्ट नुसता भिजवून चालत नाही, त्याला ठराविक तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवून पिठाची साखर करावी लागते. कॅरॅमल माल्टमध्ये ते काम आधीच झालेलं असतं. चहाच्या पुरचुंडीसारखा गरम पाण्यात बुडवला की रंग आणि चव मोकळी. अर्कवाल्यांची सोय झाली. ठीक आहे, अडचण होती, उपाय काढला, कौतुक आहे. पण आता म्युनिक माल्टची पोती प्रत्येक होमब्रू दुकानात मिळतात, म्युनिकचा अर्कही मिळतो, आणि तरी ते वर्कअराउंड पाककृतींमध्ये तसंच बसलंय. वरून नवीन लोकांना सांगितलं जातं की हीच खरी चव!

गेल्या वर्षी माझ्या बिअरवर एका स्थानिक स्पर्धेत परीक्षकानं लिहिलं, ‘छान, स्वच्छ, पण कॅरॅमल कमी पडतंय.’ मी कागद दोनदा वाचला. ज्या नियमावलीवर ह्या स्पर्धा चालतात, त्या बीजेसीपीच्या पुस्तकात मेर्त्सनखाली कॅरॅमलची चव चुकीची आहे असं लिहिलंय. म्हणजे लोकांनी बाटलीतलं सरबत पिऊन जीभ बनवली आणि मग त्या जिभेनं पुस्तकाला नापास केलं. असो.

“अरे पण बॉडीचं काय?” हा पुढचा प्रश्न नेहमीचा. बॉडी म्युनिक देतो. शिवाय मॅशचं पाणी ६७ अंशांच्या आसपास ठेवलं की पुरेसा भरीवपणा येतो. जर्मनीतही काही ब्रुअर्स थोडा कॅरा माल्ट टाकतात, मला माहीत आहे. त्यांची भट्टी, त्यांचं यीस्ट, त्यांचा अनेक पिढ्यांचा हात. ते चिमूटभर टाकतात आणि तुम्ही अर्धा किलो ओतता, ह्यात फरक आहे हो.

मुळात ही बिअर जन्मालाच आली ती भट्टीमुळे. १८३०च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण इंग्लंडला गेले, तिथल्या ब्रुअऱ्या बघायला. ‘बघायला’ हा सभ्य शब्द झाला. पोकळ काठीत चोरून नमुने भरून आणले अशी हकीकत आहे. सरळसरळ औद्योगिक हेरगिरी! (ऑनसाईट पाठवलेल्या दोन ज्युनियरांनी क्लायंटचा कोड पेन ड्राइव्हवर आणावा, तसं.) इंग्रजांना धुराशिवाय, गरम हवेवर माल्ट सुकवायला जमलं होतं. हे तंत्र दोघांनी घरी नेलं. ड्रेहरनं १८४१ मध्ये व्हिएन्ना लागर काढली, त्याच सुमारास झेडलमायरनं म्युनिकमध्ये मेर्त्सन. व्हिएन्ना माल्ट आणि म्युनिक माल्ट ही नावं दोन शहरांच्या दोन भट्ट्यांची नावं आहेत. आता ज्या बिअरचं सगळं कर्तृत्व म्हणजे दाणा नीट भाजणं, तिला भाजलेल्या चवीसाठी बाहेरून पाक आणून ओतायचा, हे म्हणजे कोल्हापूरला जाऊन पाकिटातला तांबडा रस्सा मागवण्यासारखं झालं.

मेर्त्सन हे नाव मार्च महिन्यावरून आलं. बव्हेरियात १५५३च्या फर्मानानुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती, उन्हाळ्यात ती नासायची म्हणून. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून थंड तळघरात साठवायची, आणि उरलीसुरली शरदात संपवायची.

ऑक्टोबरफेस्ट ह्याच्या बरंच नंतरचं, १८१० मधल्या राजपुत्र लुडविगच्या लग्नापासूनचं. तिथे पहिल्यांदा व्हिएन्ना धर्तीची मेर्त्सन विकली गेली ती १८७२ मध्ये, म्हणजे जत्रा सुरू होऊन साठ वर्षं झाल्यावर. हे सांगायचं कारण म्हणजे आमच्याकडे दुसरी एक जमात आहे, ‘अस्सल’वाल्यांची. मी कॅरॅमलविरुद्ध बोललो की हे लोक माझ्या बाजूनं टाळ्या वाजवतात, आणि मला त्यांच्या टाळ्या नको आहेत. त्यांचं म्हणणं, १५१६चा बव्हेरियन शुद्धतेचा कायदा! जव, हॉप्स, पाणी! बस्स! पहिली गोष्ट, त्या कायद्यात यीस्टचा उल्लेखच नाही. दुसरी, पुढे बव्हेरियाच्या ड्यूकनं गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे ठेवला आणि त्यावर बक्कळ पैसा कमावला, तेव्हा शुद्धता कुठे गेली होती? तिसरी, कॅरॅमल माल्टही जवाचाच असतो, त्यामुळे १५१६चा कायदा त्याला अडवतच नाही.

आणि ‘अस्सल ऑक्टोबरफेस्ट’च्या नावानं गळा काढणाऱ्यांनी एकदा म्युनिकला जाऊन बघावं. १९७०च्या दशकात पाउलानरनं फिकट सोनेरी फेस्टबिअर आणली, का, तर लोकांना जड मेर्त्सन लिटर-लिटर रिचवता येत नव्हती. १९९० पासून त्या जत्रेत मुख्यतः ही सोनेरी बिअरच मिळते. सहा म्युनिकच्या ब्रुअऱ्या तिथे विकतात, त्यातल्या श्पाटेन आणि लोवेनब्राउ आज एका जगड्व्याळ बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीच्या आहेत. थोडक्यात, तांबूस मेर्त्सन हीच ऑक्टोबरफेस्टची बिअर, ह्या समजुतीला खुद्द ऑक्टोबरफेस्टचा आधार उरलेला नाही. मी मेर्त्सन बनवतो कारण मला ती खमंग चव आवडते. वंशावळीचा दाखला मला नको.

हॉप्सचं प्रकरण लहान आहे, पण तिथेही गंमत आहे. हॉप्सचं काम ह्या बिअरमध्ये भेळेतल्या कांद्याएवढं नाही, भाजीतल्या मिठाएवढं. असलं तर कळत नाही, नसलं तर ताट बाजूला सरकवतो. कडवटपणा वीसेक आयबीयू पुरे. हालरटाऊ मिटेलफ्रू, टेटनांग, श्पाल्ट ह्यातलं काहीही एक घ्या. ह्यांना ‘नोबल’ म्हणतात, म्हणजे खानदानी! ह्या पदवीचा विक्रेत्यांना फायदा जास्त, बिअरला कमी. खानदानी हॉप दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिला तर त्याला जुन्या चीजचा, किंवा स्पष्ट सांगायचं तर न धुतलेल्या मोज्यांचा वास येतो. आमच्या क्लबात जर्मन पाकिटाच्या हट्टापायी लोक असले म्हातारे हॉप्स आनंदानं वापरतात. त्यापेक्षा इथे पिकलेला ताजा लिबर्टी किंवा माउंट हूड घ्या ना, दोघंही मिटेलफ्रूचीच लेकरं आहेत. पाकिटावर देशाचा झेंडा बघण्याआधी पिकाचं वर्ष बघा. आणि शेवटच्या पाच मिनिटांत ‘जरासा सुगंध’ म्हणून कॅस्केड टाकणाऱ्यांना काय सांगायचं! कॅस्केडचा द्राक्षफळासारखा वास उत्तम आहे, पेल एलमध्ये. इथे तो येतो तो कीर्तनात ढोल-ताशा पथक घुसल्यासारखा.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, ती. गेल्या महिन्यात क्लबच्या बैठकीत मी बिअर वाटली. एक ज्येष्ठ सभासद, मनानं चांगला माणूस, ग्लास संपवून म्हणाला, “मस्त आहे. पण तू ह्यात वेलदोडा का नाही घालत? तुझ्या संस्कृतीचं काहीतरी येऊ दे की.” त्याच्या शेजारी नॉर्वेजियन वंशाचा एक सुतार बसला होता. त्याच्या बिअरमध्ये त्याच्या पूर्वजांचा क्षारात भिजवलेला मासा येऊ दे, असं त्याला आजवर कोणी सुचवलेलं नाही. तो जर्मन बिअर करतो तेव्हा तो ब्रुअर असतो. मी करतो तेव्हा मी मसाल्याचा डबा विसरून आलेला माणूस असतो.

बरं, हे फक्त गोऱ्यांचं आहे असं समजू नका. आपलीच मंडळी पुढे असतात. “अरे, कोजागिरीला आणणार आहेस ना? मग केशर-वेलदोडा टाक की थोडा, साधी बिअर तर काय दुकानात पण मिळते.” साधी! मला ह्या शब्दाचा राग येतो. पाच किलो दाणा, एक हॉप, सहा महिने वाट, आणि ते साधं. वरणभात साधा म्हणतात तसं. चांगलं वरण करून दाखवा आधी, मग बोलू. वेलदोडा काय, कशातही टाकला की वेलदोडाच लागतो. खालची बिअर फसली असली तरी लपते. मसाला टाकायला सांगणारे आणि कॅरॅमल टाकायला सांगणारे माझ्या दृष्टीनं एकाच कळपातले. दोघांनाही दाण्याची चव पुरेशी वाटत नाही.

आणि संस्कृतीचंच म्हणाल तर बेसन किती भाजायचं, भाकरी कधी खरपूस होते आणि कधी करपते, हे नाकानं ओळखायला मी नगरच्या आजीच्या चुलीपाशी शिकलो. दुकानात म्युनिक माल्टचे चार दाणे चावून बघतो तेव्हा तेच नाक वापरतो. क्लबात बाकीचे लोक पोत्यावरचं लेबल वाचतात, चावून फारसं कोणी बघत नाही.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी माझं गणित. २० लिटरला अडीच किलो गडद म्युनिक, दीड किलो व्हिएन्ना, एक किलो पिल्सनर. माझ्या भांड्यात ह्यातून सुरुवातीची घनता १.०५५ च्या आसपास येते आणि रंग नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा. पिल्सनर वगळून तेवढा व्हिएन्ना वाढवला तरी चालेल, म्युनिक मात्र निम्म्याखाली आणू नका. हॉप्स ४ टक्के अल्फा ॲसिडचे असतील तर ४५ ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला, तासभर, आणि १५ ग्रॅम शेवटची पंधरा मिनिटं. अल्फाचा आकडा दरवर्षीच्या पिकात बदलतो, तेव्हा पाकीट बघून हिशेब करा. ३ टक्के असेल तर ४५ चे ६० होतील, ५ असेल तर ३६. वजनकाटा ग्रॅमचा घ्या, ‘एक मूठ’ वगैरे प्रकार इथे नको. लागर यीस्ट नेहमीपेक्षा दुप्पट घ्या, १० ते १२ अंशांवर आंबवा, आणि मग दोन महिने तरी शून्याच्या जवळ, जुन्या फ्रिजमध्ये. ह्या दोन महिन्यांत झाकण उघडून चव बघायची नाही. रूममेट असेल तर त्याला हे दोनदा सांगा.

मी ह्या वर्षीची मार्चच्या दुसऱ्या शनिवारी बनवली. बेसमेंटचा उत्तरेकडचा कोपरा त्या दिवसांत आपोआप ११ अंशांवर असतो, मिनेसोटाच्या हिवाळ्याचा एवढाच काय तो उपयोग. सप्टेंबरच्या शेवटी पिंप उघडायचा आहे. कोजागिरीला आणणार आहे, जशी आहे तशीच. मसाला दुधाचं कोणीतरी वेगळं बघा.